भरतीचे घड्याळ आणि मुलांची वही

(पुणे येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शैक्षणिक सहलीविषयी मी आपल्यापुढे दोन शब्द बोलावेत, असे मला सुचविण्यात आले आहे. विषय मोठा आहे. परवानगी कोणाची घ्यावी, पालकांचे संमतिपत्र कसे असावे, बरोबर किती शिक्षक असावेत, याविषयी वेळोवेळी परिपत्रके निघतात व ती आपण वाचताच. म्हणून त्या वाटेने मी जात नाही. एकाच प्रकारच्या सहलीविषयी बोलतो. ती सहल म्हणजे समुद्रकाठच्या अभयारण्यात पक्षी पाहावयास जाणे.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणारा हा मुलूख. येथील नद्या आपले पाणी घेऊन जातात तीही पूर्वेच्या समुद्राकडे. मग इंदापूर, दौंड, शिरूर, पुरंदर येथील शिक्षकाने खाडीवर काय म्हणून जावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

सहलीहून परत आल्यावर आपण मुलांना निबंध लिहावयास सांगतो. वह्या गोळा होतात. चाळीस वह्या उघडून पाहाव्यात तर चाळिसांत एकच निबंध असतो. 'पहाटेची वेळ होती. मंद वारा सुटला होता. पक्ष्यांचा किलबिलाट ऐकून मन प्रसन्न झाले.' वास्तविक गाडी निघाली तेव्हा वारा नव्हता, पहाट उलटून गेली होती, आणि पक्षी कोणी ऐकला असेल तर तो एखादा कावळा. मूल खोटे बोलत नाही. लिहिणे म्हणजे असेच लिहिणे, अशी त्याची समजूत झालेली असते. आणि ती समजूत आपल्याच वर्गात तयार झालेली असते. डोळ्यांनी पाहिलेले एकीकडे राहते आणि कानांवरून गेलेले वहीत उतरते. सहलीचा सर्व खर्च, सर्व दगदग केल्यावर हेच हाती लागणार असेल, तर मुले वर्गात बसलेली काय वाईट?

पक्षी हा विषय या रोगावर उत्तम औषध आहे. किल्ला शेकडो वर्षे एके जागी उभा असतो. त्याचे वर्णन पुस्तकातून उतरविता येते. पक्षी मात्र पुस्तकात सांगितल्या जागी, सांगितल्या वेळी बसत नाही. तो आज असतो, उद्या नसतो. चित्रात गुलाबी असतो, समोर करडा दिसतो. त्याच्याविषयी लिहावयाचे तर पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

आता जागेविषयी. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये ठाण्याची खाडी आहे. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या दरम्यान या खाडीच्या पश्चिम बाजूचे पाणी व कांदळवन मिळून १,६९० हेक्टर क्षेत्र ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून घोषित केले. मालवणच्या सागरी अभयारण्यानंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी ठेवली जाते, तीत ठाण्याच्या खाडीचा समावेश २०२२ मध्ये झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणार यांच्या पाठोपाठ हा मान मिळालेली ही आपल्या राज्यातील तिसरी जागा आहे. ऐरोली येथे वनखात्याच्या कांदळवन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून नावेतून पक्षी दाखविण्याची व्यवस्था आहे. पुण्याहून अंतर सुमारे १३० किलोमीटर. पहाटे निघून रात्री घरी परतता येते.

ज्या पक्ष्याच्या नावाने हे अभयारण्य ओळखले जाते, तो फ्लेमिंगो. मराठीत त्यास रोहित म्हणतात. अग्निपंख असेही नाव आहे. आपल्याकडे त्याच्या दोन जाती येतात. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंच, चोच फिकट गुलाबी व टोकाशी काळी. छोटा रोहित तीन फुटांच्या आसपास, अंगाने अधिक गुलाबी, चोच गडद तांबडी, दुरून काळपट वाटावी अशी. उजनीच्या जलाशयावर दिसतो तो बहुधा मोठा रोहित. ठाण्याच्या खाडीत दोन्ही असतात, पण थव्यांची खरी गर्दी छोट्या रोहिताची. म्हणजे इंदापूरच्या मुलाला जो पक्षी घरचा, त्याचा धाकटा भाऊबंद पाहण्यासाठी घाट उतरावा लागतो. हे पक्षी साधारणपणे कार्तिकाच्या सुमारास येऊ लागतात व पावसाळ्याच्या तोंडाशी जातात. खाडीत ते घरटी करीत नाहीत. कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे करून त्यावर मादी बहुधा एकच अंडे घालते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२ मध्ये काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग देणारी लहान यंत्रे बसविली. त्यांपैकी काही गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत गेल्याचे त्यावरून दिसून आले.

येथवर झाली ती माहिती. आता सहलीचा गाभा सांगतो. तो म्हणजे वेळ.

आपल्या सहलीचे वेळापत्रक गाडीवरून, जेवणावरून आणि शाळेच्या सुटीवरून ठरते. खाडीवर हे चालत नाही. तेथे घड्याळ एकच, भरती-ओहोटीचे. ओहोटी पूर्ण लागली की चिखलपट्टा दूरवर उघडा पडतो, पक्षी पाण्याच्या कडेने लांब निघून जातात, आणि नावेला पाणी उरत नाही. भरती पूर्ण आली की चिखल बुडतो आणि उभे राहावयास जागा नाही म्हणून पक्षी अन्यत्र जातात. पाहण्याचा खरा समय या दोहोंच्या मधला: पाणी चढत असताना किंवा उतरू लागले असताना. जो शिक्षक रविवार पाहून जातो, त्याला पुष्कळदा नुसते पाणी किंवा नुसता चिखल दिसतो. जो तिथी पाहून जातो, त्याला पक्षी दिसतात.

तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची रीत कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथीची पाऊणपट करावी. जितके येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमारास. दशमीस साडेसात. एकादशीस सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते कमी हलते, त्यास भांग म्हणतात. आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत पाऊणकी घोकली ती दुकानाच्या हिशेबासाठी, असे आपण समजतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला तीच पाऊणकी समुद्राचे घड्याळ वाचण्यास उपयोगी पडत होती.

सातवीच्या मुलांना या ठिकाणी एक सुंदर उदाहरण घालता येईल. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते. मग एका तिथीत किती? बारा तासांची मिनिटे ७२०, भागिले १५, उत्तर ४८ मिनिटे. पाऊणकी धरते ४५. म्हणजे तिथीमागे ३ मिनिटांची तूट, आणि पौर्णिमेस ती ४५ मिनिटांवर जाते. नियम सोपा असावा म्हणून जाणत्यांनी एवढी तूट चालवून घेतली. शिवाय खाडीच्या आतल्या भागात भरती थोडी उशिरानेच पोहोचते. म्हणून पाऊणकीने दिवस निवडावा, आणि नक्की वेळ केंद्रात विचारून घ्यावी. एका उदाहरणात गणित, भूगोल, पंचांग आणि लोकांचे शहाणपण अशा चार गोष्टी आल्या. पाचवीही आली: नियम उपयोगी असला तरी पडताळून पाहावा, ही.

गेल्या माघात शुद्ध एकादशीस आम्ही बारा शिक्षक ही सहल करून आलो. मुलांना नेण्यापूर्वी शिक्षकाने जागा स्वतः पाहावी, हा हेतू. निम्म्या मंडळींचा उपास होता, त्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीचे डबे बरोबर होते. पाऊणकीने भरती सव्वाआठला येत होती; केंद्राच्या तक्त्यात ती नऊच्या पुढे होती. फरक का पडला, हे आता आपणांस ठाऊक आहे.

नाव निघाली तेव्हा दोन्ही काठांची तिवरे अर्धी पाण्यात होती. तिवर हे कांदळवनातील झाड. त्याची मुळे बोटांसारखी चिखलातून वर डोकावतात, कारण चिखलात हवा नाही व मुळांना श्वास तर हवाच. त्याच्या पानाच्या पाठीवर मीठ साचते. मार्गदर्शकाच्या संमतीने एक पान जिभेला लावून पाहिले, खारट लागले. 'कांदळवनातील वनस्पती क्षार बाहेर टाकतात' हे वाक्य मुलाने दहा वेळा लिहिले तरी जे होणार नाही, ते जिभेच्या टोकाने एका क्षणात होते.

थोडे पुढे गेल्यावर पाण्याच्या कडेला एक फिकट गुलाबी रेघ दिसली. जवळ गेल्यावर रेघेला पाय फुटले. ते रोहित होते. किती असावेत, असे मार्गदर्शकाने विचारले. बारा शिक्षकांची बारा उत्तरे आली: तीनशेपासून चार हजारांपर्यंत. मग त्याने रीत सांगितली. आधी दहा पक्षी मोजावेत. ते डोळ्यांत किती जागा घेतात ते धरून ठेवावे. तसे दहा भाग जोडून शंभराचा तुकडा करावा, आणि तसे तुकडे थव्यावर किती बसतात ते पाहावे. दुसऱ्या खेपेस बहुतेकांची उत्तरे हजार ते बाराशे यांमध्ये आली. अंदाज हीसुद्धा शिकण्याची व शिकविण्याची गोष्ट आहे. जोंधळ्याच्या मुठीवर, आमराईतल्या झाडांवर, प्रार्थनेच्या रांगांवर तो शाळेत रोज करून घेता येतो. या खाडीतील रोहितांची २०१९ च्या जानेवारीत झालेली मोजणी एक लाखावर गेली होती. लाख हा आकडा मुलांना लिहिता येतो. तो दिसतो कसा, हे शंभराच्या तुकड्यावरून कळते.

पाणी उतरू लागले तसा चिखल वर आला आणि पक्षी त्याच्यामागे चालू लागले. रोहिताची खाण्याची तऱ्हा जगावेगळी आहे. तो मान खाली घालून चोच उलटी करतो, म्हणजे वरचा जबडा खाली येतो. जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी पाणी आत ओढते व बाहेर टाकते. चोचीच्या आतील कंगव्यासारख्या पट्ट्यांत अन्न अडकते. छोटा रोहित मुख्यत्वे सूक्ष्म शेवाळ खातो; मोठा रोहित लहान कवचधारी प्राणी, कीटकांच्या अळ्या, शिंपल्यांतील जीव वेचतो. अंगाचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो. आणि आवाज? किलबिलाट नव्हेच. हंस-बदकांसारखा घोगरा कलकलाट. चिखलात निवट्या उड्या मारीत होत्या. एक नांगी मोठी असलेले इवले खेकडे बिळांच्या तोंडाशी ती नांगी हलवीत होते. शेकाट्या, तुतवार, राखी बगळा, कुरव, सुरय हेही दिसले.

हे सर्व पाहताना वही कशी ठेवावी, हेच माझ्या भाषणातील सांगण्याचे मुख्य सूत्र आहे. पानावर मधोमध एक उभी रेघ मारावी. डावीकडे लिहावे 'मी पाहिले'. उजवीकडे लिहावे 'मला सांगितले'. जे स्वतःच्या डोळ्यांनी, कानांनी, नाकाने, जिभेने कळले तेवढेच डावीकडे. जे गुरुजींनी, मार्गदर्शकाने, पुस्तकाने सांगितले ते उजवीकडे. दोन्ही आवश्यक आहेत. त्यांची सरमिसळ तेवढी होऊ नये. 'रोहित गुलाबी असतो' हे वाक्य उजवीकडचे. 'मी नीट पाहिलेल्या दहांपैकी तीन पक्षी करडे होते' हे डावीकडचे. दोन्ही शेजारी आली की आपोआप प्रश्न उभा राहतो: करडे का? तो पानाच्या तळाशी लिहावा. पिले जन्मतः करड्या रंगाची असतात व गुलाबी रंग यावयास त्यांना काही वर्षे लागतात, हे उत्तर आपण लगेच देऊ नये. एक दिवस थांबावे. प्रश्न मुलाचा झाला की उत्तरही त्याचे होते.

या रेघेची खरी कसोटी एका अवघड ठिकाणी लागते. खाडीवर उभे राहिले की वास येतो. मुले तो लगेच बोलून दाखवितात. आपण त्यांना गप्प करू नये. तो डाव्या बाजूला लिहू द्यावा. ठाण्याच्या खाडीत महानगरांचे सांडपाणी येते, कारखान्यांचेही येत आले आहे. आणि या खाडीच्या परिसरात, शिवडीच्या किनाऱ्यासह, रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० नंतरच्या दशकात. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे शेवाळ वाढले आणि शेवाळावर जगणारा छोटा रोहित त्याकडे ओढला गेला, असे अभ्यासकांचे मत आहे. मग मुलाला काय सांगावे? घाण चांगली? तसे मुळीच नाही. तेच पाणी मासळीला आणि मासळीवर जगणाऱ्या माणसांना बाधते, आणि पक्ष्यांनाही किती काळ मानवेल हे आज कोणी सांगू शकत नाही. पण 'जेथे स्वच्छता तेथे पक्षी' हे सुबोध वाक्यही येथे लागू पडत नाही. आपणां शिक्षकांना तात्पर्याची फार घाई असते. धडा संपला की तात्पर्य पाहिजेच. खाडी आपल्याला तात्पर्य न काढता थांबावयास शिकविते. दिसले ते डावीकडे लिहावे, अभ्यासकांचे मत उजवीकडे लिहावे, आणि प्रश्न तळाशी उघडा ठेवावा. मुलांना अर्धवट माहीत असलेली गोष्ट अर्धवट म्हणून सांगणे, हाही सत्य सांगण्याचाच प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट मुले विचारतील, आणि ती विचारली तर सहल सफळ झाली असे समजावे: भरती आल्यावर पक्षी जातात कोठे? अभयारण्याची हद्द शासनाने नकाशावर आखली आहे. पक्ष्यांना ती ठाऊक नाही. चिखल बुडाला की ते भोवतालच्या उथळ तळ्यांत, मिठागरांत जाऊन उभे राहतात, आणि पाणी उतरले की परत येतात. म्हणजे त्यांचे निम्मे घर अभयारण्यात आणि निम्मे बाहेर. नवी मुंबईत नेरूळ येथे असेच एक तळे आहे. २०२४ मध्ये तेथे भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, तळे सुकू लागले, आणि रोहित मेल्याच्या बातम्या आल्या. आसपासचे नागरिक त्या तळ्यावर पूर्वीपासून लक्ष ठेवून होते. पक्षी केव्हा येतात, पाणी केव्हा चढते, हे ते पाहत आले होते. त्यांनी पाठपुरावा केला, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. 'येथे पूर्वी पुष्कळ पक्षी येत' असे म्हणणारे प्रत्येक गावात असतात. त्या बोलण्याने तळे वाचत नाही. अमुक वर्षी, अमुक महिन्यात, अमुक जागेवरून इतके पक्षी मोजले, असे जो दाखवू शकतो त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ज्या तळ्याची नोंद नाही ते बुजले तरी काय गेले हे सांगता येत नाही, कारण काय होते हे कोणी लिहिलेले नसते.

म्हणून मी पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येतो. भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी इंदापूर आणि दौंड तालुक्यांत शिरले आहे. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव येथे पक्षी पाहावयास लांबलांबून लोक येतात. तेथील मच्छीमार बंधू त्यांना होडीतून फिरवितात. उजनीला भरती-ओहोटी नाही, असे आपण म्हणू. नीट पाहिले तर तेथेही ती आहे, फक्त वर्षातून एकदा. पावसाळ्यात भरती, आणि हिवाळा सरत आला व पाटाला पाणी सुटले की ओहोटी. पाणी उतरते, कडेचा चिखल उघडा पडतो, आणि रोहित खाण्यास उतरतो. पाणी फारच खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ बाहेर डोकावू लागते. ज्याने खाडीवर सहा तासांत होणारा हा पालट पाहिला, त्याला आपल्या जलाशयावर सहा महिन्यांत होणारा पालट दिसू लागतो. देशावरच्या शिक्षकाने खाडीवर काय म्हणून जावे, या प्रश्नाचे हे माझे उत्तर आहे. खाडी पाहावी ती घरचे पाणी पाहता यावे म्हणून.

आणि ज्या शाळेला खाडीवर जाणे शक्य नाही, तिने खंत करू नये. प्रत्येक गावाला पाझर तलाव, ओढ्यावरचा बंधारा, निदान गावतळे असतेच. पुण्याजवळ मुळा-मुठेवर कवडीपाट येथे, शहरात पाषाणच्या तलावावर हेच करता येते. त्यासाठी चार नियम पुरेसे आहेत. जागा एक ठरवावी व ती बदलू नये. दिवस ठरवावा, जसे की महिन्याचा पहिला शनिवार. वेळ ठरवावी, सकाळची शाळा भरण्यापूर्वीचा अर्धा तास पुरे. आणि पक्षी दिसला नाही तर शून्य लिहावे. हा चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. मुलांना शून्य लिहावयाची लाज वाटते. गुरुजी रागावतील म्हणून ती दोन बगळे पदरचे घालतात. त्यांना सांगावे की शून्य हेही पाहिल्याचेच फळ आहे. पाच वर्षे माघात पन्नास चक्रवाक लिहिलेल्या वहीत सहाव्या वर्षी शून्य आले, तर गावाला जागे करणारा आकडा तोच ठरेल.

पक्ष्यांच्या नावांविषयी शिक्षक संकोच करतात. आम्हांलाच नावे येत नाहीत, मग मुलांना काय सांगणार, असे म्हणतात. नाव येत नसेल तर आकार लिहावा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. चोच, पाय, रंग, चाल लिहावी. गावात त्यास काय म्हणतात ते आजीला, मेंढपाळाला, कोळ्याला विचारून लिहावे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी रानावनात आयुष्य वेचून असाच शब्द शब्द गोळा केला, आणि त्यातून मराठीला 'पक्षिकोश' मिळाला. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, आणि थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरविला आहे. वहीचा आरंभ करावयास याहून चांगला मुहूर्त कोणता?

खाडीवर मुलांना नेणाऱ्यांसाठी वागणुकीच्या काही गोष्टी सांगतो. नावेत प्रत्येकाने तरंगते जाकीट घालावे. त्यात सूट नाही. टाळ्या वाजवून, ओरडून थवा उडवू नये. उडालेला थवा पाहावयास शोभिवंत दिसतो, परंतु पक्ष्याला खाण्यासाठी ओहोटीचे मोजके तास मिळालेले असतात, आणि त्यांतील वेळ आपण हिरावून घेतो. कागद, पिशवी, डबा जे नेले ते परत आणावे. दुर्बीण एक असली तरी चालते. पाळीपाळीने पाहण्यात थांबण्याचे शिक्षण होते. छायाचित्रे शेवटी काढावीत. यंत्राने टिपले की डोळा निश्चिंत होतो आणि पाहणे थांबते.

परत आल्यावर निबंध सांगू नये. दुसऱ्या दिवशी वह्या उघडून प्रत्येकाने डाव्या बाजूची तीन वाक्ये वर्गात वाचावीत. चाळीस मुलांची वाक्ये या वेळी निरनिराळी निघतील. एकाने नांगी हलविणारा खेकडा लिहिला असेल, एकीने मिठाची चव, एकाने वास, एकाने नावाड्याचे हात. कोणी लिहिले असेल, 'मला पक्षी दुरून दिसले, नीट दिसले नाहीत.' त्या मुलाची पाठ थोपटावी. चाळिसांच्या घोळक्यात राहून आपल्याला दिसले तेवढेच लिहिण्याचे धैर्य त्याने दाखविले आहे; आणि ज्याने ते लहानपणी दाखविले, तो पुढे ग्रामसभेत, पंचायतीत, साक्षीच्या पिंजऱ्यातही पाहिले तेच सांगण्याची शक्यता अधिक.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे की, येत्या पक्षी सप्ताहापूर्वी आपल्या शाळेजवळची पाण्याची एक जागा निवडावी, वहीच्या पहिल्या पानावर मधोमध रेघ मारावी, आणि ती वही शाळेच्या दप्तरात ठेवावी. आपली बदली होईल. वही तेथेच राहू द्यावी. आपल्यामागून येणारा शिक्षक ती पुढे चालवील.